आधी पाना की आधी सतरंजी?

कंबर दुखते आणि सायकलवरून कोकण करायचंय, असं एका दमात म्हणणाऱ्या माणसाला आमच्या घरात दोन उत्तरं मिळतात. काका पाना आणायला उठतात आणि भाची सतरंजी पसरते. जीव दोघांचाही माझ्यावर आहे. फक्त दोघांनाही दुसऱ्याचा इलाज अडाणी वाटतो.

काका चिंचवडच्या एका कारखान्यात टूलरूमला होते. निवृत्तीनंतर त्यांची मायक्रोमीटरची सवय सायकलकडे वळली. भाची फिजिओथेरपिस्ट. तिच्याकडे दिवसभर खुर्चीला खिळलेले आयटीवाले येतात आणि अधूनमधून माझ्यासारखे हौशी. माझा बेत असा: ताम्हिणी उतरून माणगाव, तिथून दिवेआगर, मग किनारा धरून हरिहरेश्वर, केळशी, गुहागर, गणपतीपुळे, देवगड, मालवण आणि शेवटी तेरेखोलची खाडी ओलांडून गोवा. माझी कंबर अशी: मागे भरलेली बादली उचलताना उसण भरली, एमआरआयमध्ये कमरेच्या चौथ्या-पाचव्या मणक्यांमधली गादी फुगलेली दिसली, आणि तेव्हापासून तासभर सायकल चालवली की कुणीतरी डाव्या बाजूला अंगठा दाबून धरल्यासारखं वाटतं.

दोघांना समोरासमोर बसवलं. पुढचं बोलणं त्यांचं. दोघं एकदम बोलत होते तेवढा भाग मी गाळलाय.

काका : आधी सायकल बघू, माणूस नंतर. याची सीट उंच होती. सीट उंच असली की पाय खाली पोचवायला माणूस एकदा डावा कुल्ला टाकतो, एकदा उजवा. मिनिटाला ऐंशी फेऱ्या धर. तासाला ४,८०० झाल्या. कंबर दुखेल नाहीतर काय होईल?

भाची : हे मला मान्य आहे, काकाआजोबा. मागून कुणी व्हिडिओ काढला तर चड्डीची शिवण डोलताना स्पष्ट दिसते.

काका : व्हिडिओ कशाला? टाच पेडलवर ठेवायची, पेडल सगळ्यात खाली, गुडघा सरळ झाला पाहिजे. मग चवडा ठेवला की हवा तेवढा वाक आपोआप येतो. त्याहून नेमकं हवं असेल तर ग्रेग लेमाँडचं सूत्र आहे. तीनदा टूर द फ्रान्स जिंकलेला माणूस. जांघेपासून जमिनीपर्यंतची उंची गुणिले ०.८८३. याची उंची ८० सेंटिमीटर, म्हणजे क्रँकच्या आसापासून सीट ७०.६ वर हवी. होती ७३ वर! आमच्याकडे एवढी चूक करणारा दुसऱ्या दिवशी कामावर दिसत नसे.

भाची : मामाची जांघ तुम्ही कुठून मोजली त्यावर एक सेंटिमीटर इकडे-तिकडे होतोच. पण असो, सीट खाली घेतली ते बरंच झालं.

काका : आता सीटचं नाक. याच्या सीटचं नाक वर होतं. नाक वर म्हणजे पेल्व्हिस मागे कलंडलं, म्हणजे कंबर गोल झाली. १९९९ मध्ये इस्रायलच्या डॉक्टरांनी हौशी सायकलवाल्यांवर हाच प्रयोग केला. सीट दहा ते पंधरा अंश पुढे झुकवली आणि सत्तर टक्क्यांहून जास्त लोकांची कंबरदुखी बरीच कमी झाली. ब्रिटिश जर्नल ऑफ स्पोर्ट्स मेडिसिनमध्ये आलंय. वाच.

भाची : वाचलंय. पंधरा अंश झुकवलेल्या सीटवरून माणूस घसरत पुढे येतो आणि सगळा भार मनगटांवर घेतो, हे मी माझ्या पेशंटमध्ये बघितलंय. कंबर सुटते आणि करंगळीला मुंग्या येतात. मामाला दोन-तीन अंश पुरेत.

या मुद्द्यावर दोघं चहा निवेपर्यंत भांडले. शेवटी सीट तीन अंशांवर थांबली. काकांनी स्पिरिट लेव्हल लावून खात्री केली. भाचीने बघितलंही नाही.

मग काकांनी खिशातून ओळंबा काढला. खरोखरचा, गवंड्याचा. पेडल आडवं धरायचं, गुडघ्याच्या वाटीखालून ओळंबा सोडायचा, तो पेडलच्या आसावरून गेला पाहिजे, असा जुना दंडक आहे. त्यावरून सीट पुढे-मागे करतात.

भाची : काकाआजोबा, गुडघ्याचा आणि गुरुत्वाकर्षणाचा संबंध काय? ज्या सायकलवर माणूस आरामखुर्चीत रेलल्यासारखा बसतो आणि पेडल पुढे असतात, तिच्यावर तुमचा ओळंबा कुठे पडेल?

काका : ती रिकंबंट. तिची गोष्ट वेगळी.

भाची : वेगळी कशी? पाय तेच, गुडघा तोच. १९३३ मध्ये फ्रान्सिस फॉर नावाच्या फ्रेंच सायकलपटूने तसल्या आडव्या सायकलवर तासात पंचेचाळीस किलोमीटर कापले. बाकीचे इतके चिडले की पुढच्या वर्षी जागतिक संघटनेने असल्या सायकलींना शर्यतींतून काढून टाकलं. ओळंबा चुकला म्हणून त्याचे गुडघे निखळले नाहीत.

काका : मग मामाला रिकंबंटच घेऊन दे ना! पाठीला टेका, मणक्यावर भार नाही. कंबरदुखीवाल्यांसाठी जगात याहून आरामाची सायकल नाही.

भाची : आपल्याकडे ती मिळणार कुठे, दुरुस्त करणार कोण? चढाला पेडलवर उभंही राहता येत नाही. आणि एसटीच्या टपावर चढवून दाखवा.

इथे मला एक गोष्ट मध्येच सांगायला हवी. किनाऱ्याने जायचं म्हटलं की लोक म्हणतात, वा, सपाट रस्ता! ज्याने तो रस्ता केलाय तो असं म्हणत नाही. कोकणात रस्ता खाडीपाशी उतरतो, गाव ओलांडतो, मग थेट जांभ्याच्या सड्यावर चढतो, सड्यावर जरा पळतो आणि पुढच्या खाडीत कोसळतो. दिवसभर हेच. घाट एकदाच चढावा लागतो, कोकण दिवसातून अनेकदा. कमरेचा प्रश्न तिथे सुटतो किंवा अडतो.

भाची : मी काकाआजोबांना एक साधा प्रश्न विचारते. तुम्ही मंडईतून घरी चालत येताना किती वेळा बसता?

काका : त्याचा इथे काय संबंध? दोनदा. कधी तीनदा. पाय भरून येतात.

भाची : आणि बसून जरा पुढे वाकलं की?

काका : दोन मिनिटांत मोकळे होतात.

भाची : आणि सायकलवर?

काका : सायकलवर काही होत नाही. शंभर किलोमीटर जातो. माझी सीट बरोबर आहे ना!

भाची : आजोबा, सीट बरोबर आहे, पण खरं कारण ते नसावं. तुमच्या वयात मणक्यातली नळी अरुंद होते, तिला स्टेनोसिस म्हणतात. ताठ उभं राहिलं की नळी आणखी आवळते, नसा दाबल्या जातात, पाय भरतात. पुढे वाकलं की नळी मोकळी होते. चालताना पाय भरतात पण वाकून सायकल चालवताना भरत नाहीत, यावरून दुखणं नसांचं की रक्तवाहिन्यांचं, ते आम्ही ओळखतो. त्याची सायकलवर बसवून करायची चाचणीसुद्धा आहे. तुमची कंबर वाकलेल्या हँडलवर खूश आहे. मामाची कंबर नेमकी उलटी आहे. त्याला बुटाची नाडी बांधताना दुखतं, खुर्चीत दुखतं, चालल्यावर बरं वाटतं. तुमच्या मापाचं हँडल त्याला दिलंत तर तो हरिहरेश्वरलाच आडवा होईल.

काका जरा वेळ गप्प बसले. मग म्हणाले, ‘पण हे मोजलं कुणी?’

भाची : मोजलंय. १९६०च्या दशकात स्वीडनमध्ये नाकेमसन नावाच्या डॉक्टरने जिवंत माणसांच्या मणक्याच्या गादीत सुई घालून दाब मोजला. उभं असताना जितका भरला त्यापेक्षा पुढे वाकून बसल्यावर बराच जास्त.

काका : सुई घालून? गादीत?

त्यांच्या आवाजात पहिल्यांदाच आदर होता. ज्याने मोजलं त्याचं काका ऐकतात. त्यानंतर हँडल वर घ्यायला त्यांनी स्वतःच ते धरणाऱ्या स्टेमखाली दोन वॉशर टाकले, एवढंच नाही तर आधीचा लांब स्टेम काढून आखूड बसवला. डॉक्टरकडे जाऊन पायांचं एकदा बघून घ्या, हे भाचीने त्यांना त्याच दमात सांगितलं. ते मात्र त्यांनी ऐकलं नाही असं दाखवलं.

काका : ठीक. मग एकदम ताठच बसव याला. जुन्या ॲटलससारखं. हँडल छातीशी, पाठ भिंतीसारखी. दूधवाले वर्षानुवर्षं तशीच चालवतात.

भाची : दूधवाला गल्लीगल्लीत उतरतो. कॅन काढतो, जिना चढतो, परत बसतो. तो सलग तीन तास बसत नाही.

काका : आणि दूधवाल्याच्या सीटला स्प्रिंगा असतात, हे विसरू नको. ताठ बसलेल्या माणसाचा खड्ड्यातला दणका सरळ मणक्यात जातो. मध्ये घ्यायला कुणी नसतं. जरा पुढे झुकला की थोडा दणका हात घेतात, थोडा पाय. म्हणून मी म्हणतो, सगळं सोडा, टायर बदला. याच्याकडे २५ मिलिमीटरचे टायर आहेत आणि हा त्यात शंभर पीएसआय हवा भरतो. कोकणच्या रस्त्यावर! चाळीस मिलिमीटरचा टायर घाल, हवा पंचेचाळीसवर आण. वेग फारसा कमी होत नाही, कंबर मात्र वाचते.

इथे मी पूर्णपणे काकांच्या बाजूचा. त्यांच्या साऱ्या खटाटोपातून मला सगळ्यात ठळक फरक कुठे जाणवला असेल तर टायरमध्ये. सुस रस्त्यावरचे तेच गतिरोधक, तीच कंबर, पण अंगठ्याचा दाब कितीतरी उशिरा सुरू झाला. माझ्या फ्रेममध्ये चाळीसचा टायर बसत नाही, बत्तीसवर भागवावं लागलं. ज्यांना नवी सायकल घ्यायची आहे त्यांनी रंगाआधी चाक आणि फ्रेम यांच्यामध्ये किती जागा आहे ते बघावं.

भाची : टायर घालाच. पण पाठीचा बरोबर कोन किती, असं तुम्ही मला विचारणार असाल तर मी सांगणार नाही.

काका : म्हणजे माहीत नाही.

भाची : म्हणजे तसा कोनच नाही. वाकायचं ते खुब्यातून, कमरेतून नाही, हे एक. पोटऱ्यांच्या वरचे मागचे स्नायू आखडलेले असले की पेल्व्हिस पुढे वळत नाही आणि वाक सगळा कमरेत येतो, म्हणून ते स्नायू सैल करायचे, हे दुसरं. पण सगळं जुळवलं आणि मामा त्या एकाच छान पोझमध्ये दोन तास बसला, तरी दुखणार. कंबरेला चांगली जागा नको असते, दुसरी जागा हवी असते. दर दहा मिनिटांनी पेडलवर उभं राहायचं, पोट पुढे काढायचं. हात हँडलवर वेगवेगळ्या जागी धरायचे. पाऊण तासाने उतरायचंच. दुखत असो वा नसो.

काका : या एका मुद्द्यावर तुझं ताठ बसायचं सरळ हँडल कमी पडतं. सरळ दांड्याला हात ठेवायला एकच जागा. वळलेल्या शर्यतीच्या हँडलला तीन. म्हणून लांब पल्ल्याचे लोक ते वापरतात. हँडलची उंची वाढव, पण ते वळलेलंच ठेव.

भाची : हे मला सुचलं नव्हतं.

हे तिने मान्य केलं तेव्हा काकांनी माझ्याकडे अशी नजर टाकली की मी चहा पुन्हा गरम करायला उठलो. परत आलो तोवर वाद सायकलवरून उतरून सामानावर आला होता, आणि माझ्या मते तिथेच तो सर्वांत महत्त्वाच्या ठिकाणी पोचला.

भाची : मामा, तुझी गादी सायकलवर सरकणार नाही. लॉजवर सरकेल. पहाटे पाचला उठशील, दोन्ही पॅनिअर बॅगा एकदम उचलशील, वाकून कॅरिअरला अडकवशील. रात्रभर आडवं पडलं की मणक्यांमधल्या गाद्या पाणी शोषून फुगतात. सकाळी माणूस रात्रीपेक्षा सेंटिमीटरभर उंच असतो.

काका : सेंटिमीटरभर? उद्या मोजतो.

भाची : मोजा. पण त्या फुगलेल्या गादीला सकाळचा पहिला तास वाकणं सगळ्यात महाग पडतं. तेव्हा उठल्यावर आधी खोलीत फेऱ्या मार, तोंड धुताना बेसिनवर ओणवा होऊ नको, सामान एकेक बॅग करून लाव आणि गुडघ्यात बसून लाव. पाठीवर सॅक तर अजिबात नको, पाण्याची बाटलीसुद्धा फ्रेमवर. संध्याकाळी पोचलास की खाटेवर कोसळू नको. जमिनीवर सतरंजी टाक, उताणा पड, पोटऱ्या खुर्चीवर ठेव, दहा मिनिटं. आणि निघण्याआधी दोन महिने रोजचा व्यायाम. पोटऱ्या वर टेकून आराम म्हणजे व्यायाम नव्हे. चार पायांवर उभं राहून एक हात आणि उलटा पाय लांब करणं, कुशीवरचा प्लँक. तुझा सूर्यनमस्कारातला हस्तपादासन हा वाक तूर्त बंद.

काका : आमच्या वेळी डॉक्टर सांगायचे, कंबर धरली की आठवडा पडून राहा.

भाची : आता कुणी सांगत नाही. पडून राहिल्याने कंबर उलट जास्त आखडते. आणि मामा, तो एमआरआय फार बघत बसू नको. २०१५ च्या एका आढाव्यात पाठदुखी अजिबात नसलेल्या लोकांचे फोटो तपासले होते. पन्नाशीतल्या साठ टक्क्यांची गादी फुगलेलीच होती. ‘मणक्यात गॅप आहे’ म्हणून लोक सायकल विकून टाकतात, ते बघून मला वाईट वाटतं.

काका : मग निघायच्या आधी एक गोळी घेऊन टाकली की झालं.

भाची : तेवढं मात्र नाही. गोळीने दुखणं दबतं, म्हणजे थांबायची सूचनाच बंद होते. त्यात कोकणचा घाम, अंगातलं पाणी कमी झालेलं, वर असली गोळी, म्हणजे मूत्रपिंडांनाही मार.

यावर काकांनी वाद घातला नाही. त्यांनी सरळ गिअरकडे मोर्चा वळवला. त्यांचं म्हणणं, चढावर कंबर जाते ती जड गिअर बसून रेटल्याने. प्रत्येक दाबाला कमरेला मागून टेका द्यावा लागतो. पुढची चकती तीस दात्यांची, मागची छत्तीसची घातली की पाय भराभर फिरतात, दाब हलका राहतो, सड्यावर चढतानाही माणूस गप्पा मारू शकतो. भाची म्हणाली, त्याहून स्वस्त गिअर म्हणजे खाली उतरून चालणं. आरे-वारेच्या चढावर सायकल ढकलत गेलं तर कंबर सरळ होते, आणि समुद्रही नीट दिसतो. काकांच्या चेहऱ्यावर जे उमटलं ते लिहिण्यासारखं नाही. सायकल ढकलणं ही त्यांच्या मते आजारी माणसाची गोष्ट.

भाची : मग फेरीबोटी तरी मान्य करा. आगरदांडा-दिघी तुमच्या वाटेवर नाही, पण बागमांडला-वेसवी आहे, दाभोळ-धोपावे आहे, तवसाळ-जयगड आहे. बोटीवर चढलं की सायकल टेकवायची आणि डेकवर चालायचं. बाकावर बसायचं नाही. रोज एक सक्तीची सुट्टी.

काका : बोट पकडायला मान्य आहे. रोज शंभर किलोमीटर तरी करशील ना?

भाची : किलोमीटर मोजूच नका. सीटवरचे तास मोजा. सड्यांवरच्या साठ किलोमीटरला देशावरच्या शंभराचा वेळ लागतो. पाच तास झाले की मुक्काम, गाव कुठलंही असो.

मी मध्येच विचारलं, वाटेत वाढलंच तर काय? भाचीचा आवाज बदलला. कंबर दुखणं, मांडीत कळ येणं, हे सोसता येतं, वेग कमी करून जाता येतं. पण बसायच्या जागी बधिरपणा येऊन तो उतरल्यावरही जाईना, लघवी अडकली किंवा न कळत झाली, पाऊल उचललं जाईना, तर सहल तिथेच संपली आणि त्याच रात्री मोठ्या इस्पितळात पोचायचं. अडचण अशी की सीटच्या दाबानेही बधिरपणा येतो आणि सायकलवाल्यांना त्याची सवय असते. तो मात्र उभं राहिलं, चाललं, की थोड्या वेळात जातो. जात नसेल तर दोष सीटवर ढकलून पुढे निघायचं नाही. काकांनी हे सगळं वहीत लिहून घेतलं, मापांच्याच पानावर.

राहिला पहिला मुक्काम. काका म्हणाले, पहाटे निघ, ताम्हिणी उतर, संध्याकाळी माणगाव. भाची म्हणाली, घाट उतरायच्या आधी, ताम्हिणीतच राहायचं. काका हसले. पुण्यातून निघून ताम्हिणीत मुक्काम करणाऱ्याला सायकलवाला म्हणत नाहीत, सहकुटुंब पर्यटक म्हणतात. भाचीने उत्तर दिलं नाही, फक्त विचारलं, एवढा लांब उतार संध्याकाळी दमलेल्या हातांनी ब्रेक दाबत उतरायचा म्हटलं तर काय होतं?

काका : मान आखडते. खांदे वर येतात. पंजे चालेनासे होतात, मग माणूस हातांवर भार टाकून कंबर गोल करून बसतो.

भाची : आणि सकाळी ताज्या हातांनी?

काका : सकाळी घाटात ओल असते, रस्ता निसरडा असतो. नऊनंतर उतरायचं.

त्यांनी नकाशावर ताम्हिणीभोवती पेन्सिलने गोल काढला आणि शेजारी लिहिलं: नऊनंतर, दोन्ही ब्रेक आलटून पालटून.